जमिनीचे पासबुक
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



उभी हयात बँकेत आकडे जुळवण्यात गेली. आज जमिनीच्या जमाखर्चावर दोन शब्द बोलतो.

जमीन आपण स्थिर धरतो. पण १८१९ च्या भूकंपात कच्छच्या रणात लांबलचक बांध वर आला, त्याला 'अल्लाबंद' म्हणतात. जवळचा सिंद्रीचा किल्ला मात्र पाण्यात गेला. २००४ साली निकोबारचे इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचले, तर उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला.

हे मोजतात कसे? सर्व्हे ऑफ इंडियाने ठिकठिकाणी दगडावर बेंचमार्क कोरलेत. समुद्राच्या सरासरी पातळीपासून त्यांची उंची नोंदलेली असते. दुर्बीण आणि आकडे लिहिलेली उभी पट्टी घेऊन एका खुणेवरून पुढच्या खुणेकडे जायचे आणि शेवटी मूळ खुणेवर परत येऊन ताळा पाहायचा. संध्याकाळी कॅश जुळवतो तसेच! आता कोयना परिसरात जीपीएस केंद्रे आहेत. ३० जुलै २०२५ ला सोडलेला 'निसार' उपग्रह दर १२ दिवसांनी तीच जमीन रडारने तपासतो.

पण एका नोंदीवरून काही कळत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. शिवाय आपली कोल्हारची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. यंत्र मातीत रोवले तर मातीचाच श्वास मोजला जाईल! म्हणून खांब खालच्या कातळात पक्का करतात.

आता घरची गोष्ट. भिंतीला भेग दिसली की एक म्हणतो, "भूकंपाची आहे," दुसरा म्हणतो, "प्लास्टर मारून टाका." मोजत कोणीच नाही. माझी विनंती एवढीच, की भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भेग हलतेय असे समजा आणि लगेच इंजिनिअरला बोलवा. नाही तडकली तरी पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही पाहा.

भूकंपाची तारीख कोणतेही मोजमाप सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या जड भिंतींनी झोपेतली माणसे गाडली. मुलांसाठी वरचा मजला चढवायचा विचार बऱ्याच घरांत चाललाय. चढवा, पण आधी पाया आणि कॉलम तपासून घ्या. ती फी खर्चात धरू नका, ठेव समजा.