मीटरगेजचे ‘वाय-डी-एम-फोर’

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांवरील व्याख्यानांनंतर एका डिझेल इंजिनावर बोलण्यास आम्ही उभे राहावे, याचे कोणास नवल वाटल्यास ते रास्तच आहे. त्यातून आम्ही कलाशाखेचे पदवीधर आणि पेशाने केंद्र सरकारचे हिशेब-तपासनीस. यंत्राशी आमचा परिचय झाला तो भांडाराच्या नोंदवह्यांतून. तथापि राजस्थानात येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर या इंजिनास त्यात एखादे पान द्यावेच लागेल, असे आमचे मत आहे.

आपल्यापैकी विदर्भ-मराठवाड्याकडील ज्येष्ठ मंडळींस ‘मीनाक्षी एक्स्प्रेस’ आठवत असेल. जयपूरहून निघून अजमेर, चितोडगड, रतलाम, इंदूर, महू, खांडवा, अकोला, वाशीम, हिंगोली, पूर्णा, नांदेड अशी गावे घेत ती काचीगुड्यास जाई. सारा मार्ग मीटरगेजचा. ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या आणि मुले एवढा संसार घेऊन निघालेल्या माणसास मध्ये कोठे फलाट बदलावा लागत नसे, ही त्या गाडीची सर्वांत मोठी थोरवी. वेगाबद्दल मात्र न बोललेलेच बरे. ही गाडी पुढे पुढे ज्या इंजिनाच्या हवाली झाली, ते आजच्या भाषणाचे नायक.

नावाची फोड प्रथम करू. रेल्वेच्या सांकेतिक लिपीत ब्रॉडगेजला ‘डब्ल्यू’ आणि मीटरगेजला ‘वाय’ म्हणतात. ‘डी’ म्हणजे डिझेल आणि ‘एम’ म्हणजे मिश्र, अर्थात उतारूंची गाडीही ओढील आणि मालगाडीही. चार हा नमुन्याचा क्रमांक. नाव रुक्ष खरे, परंतु त्यातील ‘एम’ हे अक्षर महत्त्वाचे आहे. शाखामार्गावर प्रत्येक कामास निराळे इंजिन ठेवण्याची चैन परवडत नाही. सकाळी पॅसेंजर नेणाऱ्यानेच रात्री धान्याच्या वाघिणी न्याव्या लागतात.

मीटरगेज ही मुळातच काटकसरीची योजना. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयो यांच्या कारकीर्दीत, जेथे रहदारी थोडी तेथे रूळ अरुंद आणि हलके टाकावेत असे ठरले, आणि १८७३ साली दिल्ली-रेवाडी मार्गावर पहिली गाडी धावली. राजपुतान्यातील रेल्वे त्यातूनच वाढली. १८९५ साली अजमेरच्या कारखान्यात हिंदुस्थानात बांधलेले पहिले वाफेचे इंजिन तयार झाले, तेही मीटरगेजचेच. पण वाफेस पाणी लागते, आणि राजस्थान व कच्छ येथे नेमके त्याचेच दुर्भिक्ष. म्हणून १९५५ च्या सुमारास ब्रिटनमधील कारखान्याची वीस लहान डिझेल इंजिने गांधीधामच्या बाजूस आणली गेली. त्यांची ताकद बेताची होती. खरे उत्तर सापडले ते १९६१ नंतर, अमेरिकेतील आल्को कंपनीची इंजिने आली तेव्हा. मागोमाग कॅनडाहून त्याच घडणीची आली, आणि नोव्हेंबर १९६८ पासून वाराणसीच्या डिझेल कारखान्यात ती बनू लागली. गंमत अशी की, चित्तरंजनच्या कारखान्याने मीटरगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन बांधले ते त्यानंतर, १९७२ साली. सरकारी कारभारात जुने आणि नवे काही काळ एकाच फलाटावर उभे असतात, हे आम्हांस नित्याचेच आहे.

आता यंत्राकडे वळू. डिझेल इंजिन प्रत्यक्ष चाके फिरविते, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. ते फिरविते एका विद्युत् जनित्रास. जनित्राची वीज खाली प्रत्येक आसाजवळ बसविलेल्या मोटरीस पोचते, आणि मोटर चाक फिरविते. म्हणजे हे एक चालते-फिरते वीजघरच म्हणा ना! ड्रायव्हरच्या हाती आठ खाचांचा एक दांडा असतो. खाच वाढवावी तसा जोर वाढतो. गाडी जागची हलविताना जो दम लागतो तो विजेच्या मोटरीपाशी भरपूर असतो, आणि वारंवार थांबणाऱ्या गाडीस हवा असतो तो हाच.

या इंजिनाचे वजन ७२ टन आणि आस सहा. प्रत्येक आसावर १२ टन. त्याचा ब्रॉडगेजवरील थोरला भाऊ ‘डब्ल्यू-डी-एम-टू’ सुमारे ११३ टनांचा आणि २६०० अश्वशक्तीचा. हे अवघे १४०० चे. परंतु शाखामार्गावर अश्वशक्तीपेक्षा पायाचा हलकेपणा मोलाचा. जुने पूल, हलके रूळ, जेमतेम खडी. तेथे थोरल्या भावाचे वजन रस्त्यास सोसणारे नव्हे. वाफेच्या इंजिनाचा प्रत्येक आसावरील भार काही याहून अधिक नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. पण त्याचे दट्टे आणि दांडे पुढेमागे होताना रुळावर जे घाव पडत, ते येथे नाहीत. शिवाय साऱ्या आसांस मोटर असल्याने सर्वच्या सर्व वजन ओढण्याच्या कामी येते.

आमच्या नोंदवह्यांस विशेष भावलेली गोष्ट निराळीच. थोरल्या भावास सोळा सिलिंडर, धाकट्यास सहा. पण दोघांच्या सिलिंडरांचे माप एकच. मोठ्या घरात थोरल्याची शर्टे धाकट्यास यावीत, तसा हा प्रकार. पिस्टन आणि लायनर यांचे दोन निराळे साठे बाळगावे लागत नाहीत, याचे सुख ज्याने साठे मोजले आहेत त्यालाच कळेल.

दोषही होते. ड्रायव्हरची खोली एका टोकास आणि पुढे यंत्राचा लांबलचक पेटारा. तो पेटारा पुढे ठेवून इंजिन चालविताना सिग्नल पाहण्यास मान बाहेर काढावी लागे. शेवटच्या स्थानकावर इंजिन फिरविण्याची सोय नसेल, तर परतीस हा त्रास ठरलेला.

याची खरी परीक्षा घाटात होई. पाताळपाणी ते कालाकुंड हा महूच्या खालचा घाट चाळीसास एक अशा चढाचा. घरी जाताना तो उतार, परतताना चढ. तेव्हा मागून दुसरे इंजिन रेटा द्यावयास लावीत, आणि ते लागेपर्यंत उतारू कालाकुंडचा कलाकंद खात. आसामात लमडिंग-बदरपूरच्या डोंगरातही हीच इंजिने, आणि गोव्यात दूधसागराजवळून उतरणाऱ्या मार्गावरही हीच.

१९९२ साली एकाच मापाच्या रुळांचे धोरण स्वीकारले गेले. ते योग्यच होते, असे हिशेब-तपासनीस म्हणून आम्हांस म्हणावे लागते. जेथे दोन मापे भेटत तेथे प्रत्येक पोते एका वाघिणीतून दुसरीत हलवावे लागे. त्यातील वेळ, मजुरी आणि गळती यांचे आकडे कोणासही विचारात पाडतील असे. मात्र हे काम तुकड्यातुकड्यांनी झाले. जसजसा तुकडा उखडला, तसतशी आपली मीनाक्षी आखूड होत गेली. अकोला-खांडवा मार्ग २०१७ च्या आरंभी बंद झाला. मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून तो पुन्हा न्यावा की अरण्याबाहेरून, यावर पुष्कळ वाद झाला. वाघांच्या बाजूस आमचे मत आहे. महूच्या खालचा मार्ग २०२३ च्या प्रारंभी थांबला. ज्या गावांचे जगाशी नाते या लहान गाडीने जोडले होते, त्यांस वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली, ती किंमत मात्र कोणत्याही खतावणीत आम्हांस आढळली नाही. अकोल्याकडील आजी आजारी पडली आणि इकडून निघालेली लेक दोन गाड्या बदलून तिसऱ्या दिवशी पोचली, याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची?

इंजिनांचे काय झाले? वाराणसीहून १९७६ साली टांझानियास इंजिने निर्यात झाली होती ती मीटरगेजचीच. इकडे काम संपल्यावर काही वापरलेली म्यानमारला गेली. पुष्कळशी भंगारात गेली. थोडी सहलीच्या गाड्यांस जुंपली गेली. पाताळपाणी-कालाकुंड अशी गाडी २०१८ साली सुरू झाली, आणि आपल्या शेजारी मारवाड जंक्शन ते खामलीघाट अशी २०२३ च्या ऑक्टोबरात. या दुसरीचे इंजिन डिझेलचे, पण त्यास वाफेच्या इंजिनाचा वेष चढविला आहे. धुराडे, गोल पिंप, सारा थाट! आम्हांस हे रुचले नाही. तीस-चाळीस वर्षे ज्याने इमानाने गाड्या ओढल्या, त्यास स्वतःच्या रूपात उभे राहण्याचा अधिकार असावयास हवा. वाफेच्या इंजिनास संग्रहालये लाभली, कविता लाभल्या. डिझेलच्या वाट्यास सोंग आले.

मंडळाची सहल त्या बाजूस निघेल तेव्हा मुलांस एवढे अवश्य दाखवावे. धुराड्याकडे न पाहता खाली पाहावे. तेथे वाफेच्या इंजिनाची मोठी चाके आणि त्यांस जोडणारे दांडे नाहीत; सारख्या मापाची लहान चाके, एका बाजूस तीन आणि तीन मिळून सहा. तेच आपले वाय-डी-एम-फोर.