सांधेदुखीवरील औषधे : उपयोग आणि विवेक
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी आरोग्यविषयक चार शब्द सांगण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही सांधेदुखीवरील औषधांचा विषय मुद्दाम निवडला. ज्या घरात वडीलधारी माणसे आहेत, त्या घरात गुडघेदुखीची गोळी बहुधा असतेच. एकाला गुण आलेली गोळी दुसऱ्याने विश्वासाने मागून घ्यावी, अशीही आपल्याकडे रीत आहे. या रीतीत कोणता धोका आहे, तेवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

सांध्याचे दुखणे वरून एकसारखे दिसले तरी त्याची कारणे भिन्न असतात. वयोमानाने कूर्चेची झीज होते, हा एक प्रकार. शरीराची रक्षणशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, तो आमवात. यास डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. रक्तातील युरिक ॲसिड वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात, तो गाऊट. त्याच्याशी पुष्कळसे जुळणाऱ्या वातरक्ताला चरकसंहितेने स्वतंत्र अध्याय दिला आहे. तेव्हा रोग कोणता हे ठरल्यावाचून औषध ठरत नाही.

प्रथम नित्याच्या वेदनाशामक गोळ्या पाहू. १७६३ साली इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने विलो वृक्षाच्या सालीने ताप उतरतो असे कळविले. त्याच वाटेने पुढे १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आले. मात्र ते कसे कार्य करते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवीपर्यंत गूढच होते. दाह झालेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊन सूज व वेदना वाढवितात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे त्यांची निर्मिती रोखतात. या शोधाबद्दल व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक इतरांसमवेत मिळाले.

परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा राखतात. शत्रूसमवेत पहारेकरीही मारला जावा, तसा हा प्रकार होय. जठरव्रण होतो, रक्तस्राव होतो आणि तोही कित्येकदा पूर्वसूचनेवाचून. जठर वाचविणारी गोळी म्हणून १९९९ मध्ये आलेले रोफेकॉक्सिब हृदयविकाराचा धोका वाढविते असे आढळल्याने २००४ मध्ये मागे घ्यावे लागले. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढविणारे औषध चालू असता वर वेदनाशामक घेतल्यास मूत्रपिंडे एकाएकी निकामी होऊ शकतात. वृद्धांच्या घरी हे तिन्ही एकत्र येणे अगदी सहज घडते.

मूत्रपिंडाच्या या हानीचा एक दारुण दाखला आपल्या देशाने पाहिला आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मृत शरीरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडत आणि युरिक ॲसिड त्यांच्या आतड्या-काळजावर पांढऱ्या थराने साचत असे. भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडाला जितके हे विष, तितके ते माणसाला नाही हे खरे. पण ते निरुपद्रवी आहे हा समज तरी यावरून टाकून द्यावा.

स्टेरॉइडांची कथा याहून नाट्यमय आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णास कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणास खिळलेली व्यक्ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. तथापि दीर्घकाळ वापराने हाडे ठिसूळ होतात, मधुमेह बळावतो आणि जंतुसंसर्गास वाट मिळते. एकदम सोडल्यास प्राणावरही बेतते. निनावी पुड्यांनी चमत्कारिक गुण आला, तर आत स्टेरॉइड दडलेले असण्याची शंका अवश्य घ्यावी.

आमवाताचा जोर मोडणारे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट होय. त्याचा गुण यावयास कित्येक आठवडे लागतात, म्हणून धीर धरावा. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. घरातील कोणास ते चालू असल्यास ठरलेला वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, रक्ताची तपासणी चुकवू नये आणि गर्भधारणेच्या काळात ते मुळीच घेऊ नये.

गाऊटमध्ये दोन निरनिराळी कामे असतात. अंगठा लाल होऊन ठणकत असता त्या वेळचा दाह शमविण्यास कोल्चिसिन उपयोगी पडते. युनानी वैद्यकात प्रसिद्ध असलेल्या सुरंजानाचे हे सत्त्व. थोडे अमृत आणि अधिक झाले तर विष, हा न्याय त्यास तंतोतंत लागू पडतो. दुसरे काम युरिक ॲसिड कायम खाली ठेवण्याचे. जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या संशोधनातून लाभलेले ॲलोप्युरिनॉल ते तयार करणाऱ्या विकरास रोखते. रक्तातील प्रमाण साधारणपणे १०० मिलिलिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली राखावे लागते. आरंभी ठणका पुन्हा उठू शकतो. त्याने घाबरून गोळी सोडू नये. मात्र अंगावर पुरळ उठताच ती तत्काळ थांबवून डॉक्टर गाठावा.

बंधुभगिनींनो, वेदना थांबणे आणि रोग आवरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आमवातात नुसती वेदना दाबीत बसले तर सांधा आतून झिजतच राहतो व गेलेला सांधा परत येत नाही. म्हणून आमची विनंती एवढीच, की घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाच्या सर्व गोळ्यांची एक यादी करावी, ती डॉक्टरांस दाखवावी, काळी शौचास झाल्यास वा लघवी कमी झाल्यास विलंब करू नये आणि दुसऱ्याची गोळी आपली मानू नये.