सीबीसीमधले न्यूट्रोफिल

मंडळी, सीबीसी रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा नुसता एकूण आकडा बघू नका, खाली त्यांचे प्रकारही दिलेले असतात. लिम्फोसाइटमधल्या बी पेशी अँटिबॉडी बनवतात, टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात. हुशार आहेत दोघी! पण मला जास्त कौतुक न्यूट्रोफिलचं. जंतू शिरला की आधी हेच धावतात, त्याला गिळतात, स्वतःही मरतात. जखमेतला पू म्हणजे बराचसा हेच. म्हणून तर अस्थिमज्जा रोज अब्जावधी नवे बनवते.

केमोथेरपीत नेमकी हीच भरती मंदावते. माझ्या मावशीचे दहाव्या दिवशी ५०० च्या खाली गेले. अशात इन्फेक्शन झालं तरी पू, सूज फारशी दिसत नाही. बरेचदा खूण एकच, ताप. डॉक्टरांनी बजावलं होतं, १००.४ दिसला की गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल. आम्ही रात्री दोनला निघालो.