एकाच देहाचा संगणक



बारामतीस नवें बिऱ्हाड थाटलेले माझे एक आप्त आणि इंदापूर तालुक्यांत भवानीनगरच्या बाजूस शेतावर राहणारे त्यांचे वडील बंधु, ह्या दोघांनींही एकाच आठवड्यांत मला एकच प्रश्न विचारला : पडद्यास बोट लावून चालणारा एकसंध संगणक घरांत घ्यावा कीं नाहीं ? प्रश्न एक, पण उत्तरें मला दोन द्यावीं लागलीं.

ह्या यंत्रास वेगळी पेटी नसते. सर्व अवयव पडद्याच्याच पाठीशीं बसविलेले असतात. तारांचें जंजाळ कमी, मेजावर जागाही थोडी लागते. स्पर्शाची कल्पना मात्र नवी नव्हे. १९८३ सालीं विक्रीस आलेल्या ‘एचपी १५०’ संगणकांत पडद्याच्या कडेनें अदृश्य किरण सोडलेले असत. बोटानें ते अडले कीं यंत्रास जागा कळे. आजचा पडदा बोटाचा विद्युत्परिणाम ओळखतो. म्हणूनच ओल्या हातानें तो गोंधळतो.

स्पर्शाचा खरा लाभ वडीलधाऱ्यांस होतो. बारामतीच्या घरांतील मातोश्रींनीं आयुष्यांत माउस हातीं धरला नव्हता. हात मेजावर आणि बाण पडद्यावर, ही सांगड त्यांस जमेना. दुकानांत मात्र त्यांनीं सातबाऱ्याचें बारीक अक्षर दोन बोटांनीं मोठें केलें आणि स्वतःच वाचलें !

परंतु उभ्या पडद्यापुढें तासभर हात उचलून काम करून पाहावें. खांदा भरून येतो. लांब पत्र किंवा हिशेब लिहावयाचा तर कळफलकच हवा. तेव्हां स्पर्श ही जोड आहे, पर्याय नव्हे.

खरा दोष निराळाच आहे. देह एक, म्हणून एका अवयवाचें दुखणें साऱ्यांस भोगावें लागतें. वेगळ्या पेटीच्या संगणकाचा पडदा गेला तर दुसरा जोडतां येतो. येथें सगळें यंत्रच दुरुस्तीस जातें. थोरल्या बंधूंच्या शेजाऱ्याचें असें यंत्र ऐन ऊसतोडणींत तीन आठवडे पुण्यास पडून होतें, आणि मजुरांच्या उचलींचा हिशेब त्यांतच अडकला होता. शिवाय ह्या यंत्रांत बहुधा बॅटरी नसते. वळवाच्या वादळांत वीज गेली कीं न जपलेलें काम नाहींसें होतें.

म्हणून धाकट्यांस मीं घ्या म्हटलें; मात्र सोबत यूपीएस घ्यावा, आणि यंत्राची स्मृति पुढें वाढवितां येते कीं नाहीं हें आधीं विचारावें, कारण कांहीं यंत्रांत ती कायमची जडविलेली असते. थोरल्यांस लॅपटॉप सुचविला. तो बॅटरीवर कांहीं तास चालतो, आणि हिशेबाची दुसरी प्रत बाहेर ठेवण्यास बजावलें.

यंत्राचें रूप दुकानांत दिसतें, गुण घरांत कळतात. दाम मोजण्यापूर्वीं एवढेंच विचारावें : हें महिनाभर बंद पडलें तर माझ्या घरचें कोणतें काम अडेल ? त्या प्रश्नाच्या उत्तरांतच खरेदीचा निर्णय आहे.