ओल्या फडक्याची गाडी

मी लखनौच्या इंदिरा नगरमधून बोलतोय. इथे मुन्शी पुलियापर्यंत मेट्रो आली, पण माझं मन अजून पुण्यातल्या आमच्या जुन्या फियाट अकराशेतच बसलेलं असतं.

कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं आणि ती फक्त रविवारी बाहेर निघू लागली. बाकीचे सहा दिवस मी ती नुसती पुसायचो. बॉनेटला हात लावायचा नाही, ही बाबांची सक्त ताकीद.

१९७५चा मे. मुंबईहून परतताना बोरघाटाच्या चढावर गाडी बंद. उन्हाने पंपातच पेट्रोलची वाफ झाली की कार्बुरेटरला थेंब पोचत नाही. बाबांनी फडकं भिजवलं आणि माझ्या हातात दिलं. "पंपावर गुंडाळ." पंधरा वर्षांचा होतो; त्या दिवशी मोठा झालो!

एनडीएतून पहिल्या सुट्टीत घरी आलो, तर गाडी विकलेली. ताईचं लग्न ठरलं होतं. मी काही विचारलं नाही.

पुढे राजस्थानात माझी जोंगा अशीच अडली. फडकं भिजवलं, निघालो. बाबांना पत्र टाकलं. उत्तर आलं, "फडकं सुतीच होतं ना?"