कंदिलाची वात

ऑगस्ट २०१९च्या महापुरात नृसिंहवाडीचं दत्तमंदिर पाण्यात गेलं, तेव्हा आम्ही थोरल्या भाईजानना घेऊन एका ओळखीच्यांच्या माडीवर होतो. त्यांच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकतात. माझ्या लेकीनं त्यांना नाडी मोजणारं घड्याळ आणून दिलं होतं. वीज गेली आणि दुसऱ्या संध्याकाळी घड्याळ बंद पडलं. दवाखान्याची वाट नावेनं जात होती, नेमकी तेव्हा! मग मी भिंतीवरच्या सेकंदकाट्याकडे बघत त्यांचं मनगट धरून बसे.

मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण लेक इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. पूर ओसरल्यावर तिला विचारलं, ‘‘या घड्याळाखालचा हिरवा दिवा करतो तरी काय?’’

रक्त तांबडं, म्हणून ते हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त थोडं वाढतं आणि परत येणारा उजेड तेवढा कमी होतो. शेजारचा संवेदक हा फरक टिपतो. फरक असतो अगदी नखाएवढा. त्यात हात हलला, पट्टा सैल झाला, ऊन आत शिरलं, की नाडी हरवलीच.

‘‘आणि बॅटरी खातो तो दिवाच, अब्बा,’’ ती म्हणाली.

मला माझे अब्बा आठवले. दत्तजयंतीच्या यात्रेत वाडीला आमचा बांगड्यांचा गाडा असे. रात्री गिऱ्हाईक नसलं की ते कंदिलाची वात खाली करत. कुणी आलं की वर. घड्याळ बनवणारेही तेच करतात. समजा, दिवा सेकंदाला पंचवीस वेळा लागला आणि दर खेपेला सेकंदाचा दहाहजारावा भागच जळला. हिशेब मांडून पाहा, चोवीस तासांत तो चार मिनिटंही जळत नाही! दिवा विझलेला असताना बाहेरचा उजेड मोजून तो वजा करायचा. संवेदक मोठा केला तर दिवा मंद चालतो. माणूस निवांत बसला आहे, हे हालचाल ओळखणाऱ्या चिपवरून कळलं, की तेवढ्यातच मोजून घ्यायचं.

यातली एक गोष्ट मात्र मला बोचली. सावळ्या कातडीतलं रंगद्रव्यही हिरवा प्रकाश शोषतं. म्हणजे आमच्या शिरोळ तालुक्यातल्या ऊस तोडणाऱ्या मनगटावर दिवा जास्त जाळावा लागणार, बॅटरी लवकर संपणार. करोनात आपण बोटाला लावायचो त्या ऑक्सिमीटरचंही तसंच. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमधला ऑक्सिजनचा तुटवडा गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा नजरेतून सुटल्याचं दिसलं. यंत्र बनवताना कोणाची मनगटं समोर होती, हा प्रश्न विचारायलाच हवा. मुंबईच्या आयआयटीत ‘सिलिकॉन लॉकेट’ घडवलं गेलं. ते उजेडावर नव्हे, हृदयाच्या विजेवर चालणारं, पण अंगावर वागवायचं आणि आपल्या माणसांसाठी इथंच केलेलं. उजेडाच्या घड्याळांचीही परीक्षा आपल्या उन्हात, आपल्या घामात व्हावी.

एक मात्र ध्यानात ठेवा. असं घड्याळ नाडी सांगतं, हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. छातीत कळ आली तर मनगटाकडे बघत बसू नका, दवाखाना गाठा.

भाईजान आता पावसाळा लागला की ते घड्याळ रोज चार्जिंगला लावतात. परवा विचारलं, ‘‘किती दाखवतंय?’’ म्हणाले, ‘‘बहात्तर. पण तू एकदा धरून बघ.’’