बॅकवॉटर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बोलण्याचा विषय मीच निवडावा असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला थोडी भीतीच वाटली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठा विषय न घेता, आपल्या सर्वांच्या तोंडी असलेला एकच शब्द मी घेतला आहे. तो शब्द म्हणजे ‘बॅकवॉटर’.

माझे घर बारामतीचे आणि माहेर इंदापूर तालुक्यातले, भीमेच्या काठचे. बारामतीकडे पाणी येते ते नीरेच्या डाव्या कालव्याने, वाहत. इंदापूरच्या उत्तर अंगाला ते उभे आहे, उजनी धरणाचे. त्या उभ्या पाण्यालाच आपण बॅकवॉटर म्हणतो. एसटीत म्हणतो, बाजारात म्हणतो, सोयरिकीच्या बोलण्यातसुद्धा ‘जमीन बॅकवॉटरला आहे’ असे मोठ्या कौतुकाने सांगतो. ज्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नाही, त्यांनाही हा शब्द परका वाटत नाही.

मुलीच्या इंग्रजी कोशातून मी तिच्याकडून त्याचा अर्थ काढून घेतला. ‘बॅक’ म्हणजे मागे आणि ‘वॉटर’ म्हणजे पाणी. शब्द चांगलाच जुना आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत तो आढळतो, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरीनंतर सुमारे शंभर वर्षांनी. त्याचा पहिला अर्थ ‘बांधाच्या मागे साठलेले पाणी’ असा होता. त्या काळी तिकडे दळणाच्या चक्क्या पाण्यावर चालत, आणि त्यासाठी ओढ्यानद्यांना बांध घालीत. पुढे नदीच्या मुख्य धारेपासून बाजूला पडलेल्या संथ पाण्यालाही हाच शब्द लागला. केरळात आलेप्पीकडे समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्याआड जी लांबलचक जलाशये आहेत, त्यांनाही बॅकवॉटर म्हणतात. पण तिथे ती धरणाने झालेली नाहीत. म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाला अधिक धरून आपणच आहोत!

तिसरा अर्थ मात्र ऐकून मी चमकले. एकोणिसाव्या शतकात त्याला ‘मागे पडलेली, जिथे काही घडत नाही अशी जागा’ असाही अर्थ आला. भगिनींनो, आपल्या बॅकवॉटरला काही घडले नाही, असे कोण म्हणेल?

उजनी धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू झाले व १९८० मध्ये पुरे झाले. धरण आहे सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. पण त्याचे पाणी मागे चढत आले ते आपल्या इंदापुरात आणि पलीकडे करमाळ्यात. जलाशयाला यशवंतसागर नाव आहे. त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. या पाण्याने ऊस आणला, भिगवणची मासळी पुण्यापर्यंत नेली, थंडीत रोहित पक्षी आणले. ज्यांच्या शेतापर्यंत पाइपलाइन पोचली त्यांची घरे उभी राहिली. हे उपकार नाकारून चालणार नाही.

पण आमच्या सासूबाई बॅकवॉटर म्हणत नाहीत. त्या म्हणतात ‘बुडीत’. त्यांचे माहेर जुने पळसदेव. आजचे पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्याला आहे. जुने नदीकाठी होते, ते पाण्याखाली गेले. पळसनाथाचे दगडी देऊळ तेवढे पाणी फार उतरले की डोके वर काढते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण जवळजवळ उणे ६० टक्क्यांवर गेले आणि देऊळ उघडे पडले. पुण्याहून लोक ते पाहायला आले. सासूबाईही गेल्या. लोक शिल्पे पाहत होते आणि त्या मोकळ्या गाळाकडे बोट करून आम्हांला सांगत होत्या, “इथं चावडी. इथं आड. हितनं आम्ही धुण्याला जायचो.” आम्हांला चिखलावाचून काही दिसत नव्हते. त्यांना सगळे गाव दिसत होते.

हे पाणी संथ आहे, हेही कोशात ठीक. त्याच वर्षी २१ मे रोजी करमाळ्यातील कुगावहून आपल्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली व सहा जण बुडाले. मधे पाणी एवढे पसरले आहे की पलीकडच्या गावी जायचे तर बोट, नाहीतर मोठा वळसा.

आता ‘मागचे पाणी’ म्हणजे कोणाच्या मागचे? जो धरणाच्या भिंतीवर खालच्या कालव्यांकडे तोंड करून उभा राहील, त्याच्या मागचे. आमच्या काठच्या बाईच्या तर ते दारापुढे आहे. शब्द ज्याने दिला तो कुठे उभा होता, एवढे त्यावरून कळते.

आपल्या भाषेत याला दोन शब्द आहेत. एक ‘फुगवटा’, पाणी अडले की फुगून मागे चढते, ते त्यात अचूक आले. दुसरा ‘बुडीत’, ज्यात काय गेले ते आले. बुडीत कर्जाचा हिशेब सावकारसुद्धा वहीत ठेवतो. मग बुडीत गावाचा कोणी ठेवायचा?

बॅकवॉटर शब्द टाकून द्या असे मी म्हणत नाही. तो आता आपला झाला आहे. फक्त तो एकटा राहू नये. माझी सूचना एवढीच की, मंडळाने एक दोनशे पानी वही घ्यावी. आपल्यापैकी ज्यांचे माहेर वा सासर बुडितात गेले, त्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांकडून शिवारांची, विहिरींची, घाटांची, आळ्यांची नावे उतरून घ्यावीत. हे सांगणाऱ्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. पाणी पुन्हा उतरेल तेव्हा देऊळ दिसेल, पण आड कुठे होता हे सांगायला कोणी नसेल.

लिहिण्याचे काम मी करीन. माझे अक्षर बरे आहे.